आठवे तत्त्व आणि पगारबिलाची गोष्ट

गेल्या चवथीची गोष्ट. माटोळी बांधून झाली होती, आरतीला सगळे उभे होते आणि बंगळुरूहून आलेला भाचा मात्र आतल्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. हाक मारली तर आतूनच म्हणाला, "मामा, फाल्यां स्प्रिंट सोंपता." आरती झाली, नैवेद्य झाला, पंगती उठल्या, तरी हा तिथेच.

रात्री जरा निवांतपणा मिळाल्यावर त्याला विचारले, हा स्प्रिंट म्हणजे नेमके काय रे? त्याने समजावून सांगितले. सॉफ्टवेअरचे मोठे काम दोन-दोन आठवड्यांच्या तुकड्यांत वाटायचे. तुकडा सुरू होताना किती काम घ्यायचे ते टीमने मिळून ठरवायचे. रोज सकाळी उभ्याउभ्याने पंधरा मिनिटांची बैठक. दोन आठवड्यांच्या शेवटी तयार झालेले काम दाखवायचे. हा तुकडा म्हणजे स्प्रिंट, आणि या सगळ्या पद्धतीला अजाईल म्हणतात.

मी म्हटले, "शंभर मीटर धावणारा शर्यत संपली की गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकतो. तुमच्यात एक स्प्रिंट संपला की दुसरा कधी?"

"दुसऱ्या दिवशी."

"म्हणजे वर्षात किती?"

"सव्वीस."

तो हसला. मला मात्र हसू आले नाही. आम्हा सरकारी कारकुनांना मार्च एंड ठाऊक आहे. बिले, ट्रेझरी, खर्ची न पडलेले अनुदान, रात्री उशिरापर्यंत जळणारे दिवे. पण तो वर्षातून एकदाच येतो आणि एप्रिलमध्ये माणूस श्वास घेतो. वर्षाला सव्वीस मार्च एंड ही कल्पनाच मला झेपेना. विषय डोक्यातून जाईना, म्हणून जमेल तसे वाचत गेलो. वाटले होते, ही पद्धत माणसांना पळवण्यासाठीच काढलेली असणार. निघाले भलतेच. ज्यांनी ती काढली त्यांच्या मूळ तत्त्वांतले आठवे तत्त्व सांगते की, कामाची गती अशी हवी की ती कितीही काळ तशीच टिकवता येईल. मग आरतीच्या वेळी भाचा आतल्या खोलीत का? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर बरेच मागे जावे लागते.

कामाचे तास आणि कामाचा उरक यांचे नाते संगणकवाल्यांनी शोधलेले नाही. आपल्याकडची सुरुवात तर मराठी माणसाच्या नावावर आहे. नारायण मेघाजी लोखंडे हे महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतले, 'दीनबंधु' चालवणारे, आणि मुंबईच्या गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले गृहस्थ. गिरणी कामगारांना तेव्हा आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, वेळेवर पगार, अशा त्या साध्या मागण्या होत्या. सहा वर्षे पाठपुरावा केल्यावर १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आपण आज रविवारी सकाळी मासळीबाजारात रमतगमत फिरतो त्यामागे ही सहा वर्षे आहेत.

लोखंड्यांची मागणी माणुसकीची होती. त्याच सुमारास युरोपात काही कारखानदार हाच प्रश्न हिशेबाच्या वहीत मांडू लागले होते. जर्मनीत येना येथे झाइसच्या कारखान्यात भिंगे आणि सूक्ष्मदर्शक बनत. तिथल्या एर्न्स्ट आबे यांनी १९०० साली कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांवर आणला आणि आधीच्या व नंतरच्या कामाची मोजणी केली. काम घटले नाही, उलट थोडे वाढले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्री-पुरुष आठवडाभर, रविवारीसुद्धा राबत होते. तिथे १९१५ साली सरकारने एक समिती नेमली. देशभक्ती, युद्ध आणि जादा मजुरी ही तिन्ही कारणे असतानाही लांबलेल्या तासांत माल त्या प्रमाणात वाढत नाही, असे त्या समितीच्या पाहणीत दिसले आणि रविवारचे काम बंद करावे अशी शिफारस झाली. त्या जुन्या आकड्यांचा जॉन पेंकॅव्हेल या अर्थशास्त्रज्ञाने २०१४ साली नव्याने हिशेब केला. आठवड्याला ७० तास काम करणाऱ्यांचा माल ५६ तासवाल्यांपेक्षा फारसा जास्त नव्हता. वरचे चौदा तास जवळजवळ पाण्यात!

अमेरिकेत हेन्री फोर्डने १९२६ साली आपल्या कारखान्यांत पाच दिवसांचा, चाळीस तासांचा आठवडा आणला. १९३८ च्या कायद्यानुसार १९४० पासून चाळीस तासांपलीकडे ओव्हरटाइम देणे तिथे बंधनकारक झाले. कारखान्यापुरता प्रश्न बराचसा मिटल्यासारखा झाला.

पण संगणकाच्या कामाला भोंगा नव्हता. प्रोग्रॅम लिहिणे हे डोक्याचे काम, ते घरी नेता येते, रात्री करता येते, आणि पट्ट्यावर माल मोजावा तसे मोजता येत नाही. त्यामुळे कारखान्यांनी शिकलेला धडा या नव्या धंद्यात कुणी नेलाच नाही. काम उशिरा होऊ लागले की दोनच उपाय, माणसे वाढवा नाही तर तास वाढवा. आयबीएममध्ये ३६० मालिकेच्या संगणकांसाठी अवाढव्य सॉफ्टवेअर उभारण्याचे काम फ्रेडरिक ब्रूक्स यांनी सांभाळले होते. तो अनुभव त्यांनी १९७५ साली पुस्तकात मांडला. उशीर झालेल्या कामात नवी माणसे घातली की उशीर आणखी वाढतो, हा त्यांचा निष्कर्ष ब्रूक्सचा नियम म्हणून प्रसिद्ध आहे. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि आपसातले बोलणे वाढते, हे त्याचे साधे कारण. आमच्याकडे मार्चमध्ये दुसऱ्या खात्यातून 'मदतीला' माणूस पाठवतात तेव्हा काय होते, ते ज्याने अनुभवले आहे त्याला हा नियम वेगळा शिकवायला नको.

माणसे वाढवून भागत नाही म्हटल्यावर उरले तास. ते वाढवण्यात तर पुढे मर्दुमकीच वाटू लागली. १९८३ साली ॲपलमध्ये मॅकिंटॉश बनवणाऱ्या टीमसाठी खास स्वेटशर्ट छापले गेले. त्यावरच्या मजकुराचा मथितार्थ, आठवड्याला नव्वद तास, आणि आम्हाला ते आवडते! यंत्र १९८४ च्या जानेवारीत बाजारात आले आणि जगभर गाजले. त्याचा मुख्य बोर्ड ज्याने तयार केला तो बरेल स्मिथ १९८५ साली ॲपल सोडून गेला. जाताना त्याने शर्टावरच्या नव्वदातल्या नवावर चिकटपट्टीने फुली मारली. उरले शून्य तास.

आता या लेखाच्या मुख्य गोष्टीकडे येतो. ती आहे पगारबिलांची, म्हणून माझ्या अगदी जवळची.

क्रायस्लर ही अमेरिकेतली मोटारी बनवणारी मोठी कंपनी. तिचे पगार जुन्या कोबोल प्रोग्रॅमांवर निघत. साल २००० जवळ येत होते. वर्षाचे दोनच आकडे लिहिणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांचा तेव्हा काय गोंधळ होईल, ही धास्ती सगळ्या जगाला होती. म्हणून सुमारे ८७ हजार कर्मचाऱ्यांचे पगार एकाच नव्या प्रणालीतून काढायचे ठरले. तिचे लांबलचक नाव आखडून सगळे तिला सी-थ्री म्हणत. काम सुरू होऊन बराच काळ लोटला तरी पगाराचे आकडे बरोबर येईनात. १९९६ साली केंट बेक यांना सल्ल्यासाठी बोलावले. त्यांनी पाहणी करून आधीचे बाजूला ठेवायला लावले आणि काम नव्याने सुरू केले. सोबत रॉन जेफ्रीज होते. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग म्हणून जी पद्धत पुढे गाजली ती याच पगारबिलांच्या कामात घडली.

नाव 'एक्स्ट्रीम', म्हणजे टोकाची. पण १९९९ साली बेक यांनी पुस्तकात तिचे बारा रिवाज सांगितले त्यांत एक होता चाळीस तासांचा आठवडा. फोर्डने १९२६ साली जे केले ते सॉफ्टवेअरमध्ये यायला त्र्याहत्तर वर्षे लागली! त्याला जोडून नियम असा की, अडचण आली तर एखादा आठवडा जादा काम करा, पण लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात नाही. दुसऱ्या आठवड्यातही गरज पडली तर दुखणे तासांत नाही, आखणीत आहे असे समजा. मला हे फार पटले. ताप दोन दिवसांत उतरला नाही तर घरगुती काढा थांबवून डॉक्टरकडे जावे, तसेच हे.

पण नुसते 'जास्त काम करू नका' म्हणून भागत नाही. काम आवाक्यात राहावे यासाठी त्यांनी जी युक्ती केली ती अस्सल कारकुनी आहे. प्रत्येक काम एका कार्डावर लिहायचे. ते करायला किती दिवस लागतील याचा अंदाज काम करणाऱ्यानेच सांगायचा, साहेबाने नाही. हे दिवस 'आदर्श' दिवस, म्हणजे मध्ये फोन नाही, मीटिंग नाही, कुणी काही विचारायला येत नाही असे. पण असा दिवस कुठल्या ऑफिसात उगवतो? अनुभवाने त्यांच्या लक्षात आले की, एका आदर्श दिवसाच्या कामाला प्रत्यक्षात साधारण तीन दिवस जातात. हा आकडा त्यांनी लपवला नाही, उघड धरला. तिपटीचा हिशेब पहिल्यापासूनच मांडला की शेवटच्या आठवड्यात कुणाला रात्री जागाव्या लागत नाहीत.

दुसरी युक्ती याहून सोपी. तिला त्यांनी 'कालचे हवामान' असे नाव दिले. उद्याचे हवामान कसे असेल? बहुधा आजच्यासारखेच. तसे पुढच्या तुकड्यात किती काम घ्यायचे? मागच्या तुकड्यात जेवढे पुरते झाले तेवढेच. जेवढे व्हायला हवे होते तेवढे नाही, साहेबांना वचन दिले तेवढे नाही, जेवढे खरोखर झाले तेवढेच. मागच्या खेपेला कमी झाले तर पुढच्या खेपेला आपोआप कमी घेतले जाते आणि माणसाला सावरायला जागा मिळते. जास्त झाले तर हळूहळू जास्त घेतले जाते. बिनचूक गतीचे हे यंत्र दोन ओळींच्या नियमावर चालते.

आपल्याला हे परके वाटू नये. गोव्यातून दिंडीबरोबर पायी पंढरपूरला गेलेल्या कुणालाही विचारा. वारीत रोजचा टप्पा ठरलेला, विसाव्याची जागा ठरलेली, मुक्काम ठरलेला. दिंडी चालते ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना झेपेल अशा चालीने. पहिल्या दिवशी जोर करून दोन टप्पे कुणी चालत नाही, कारण आषाढी एकादशीला सगळ्यांनी पोचायचे असते. बेक आणि मंडळींच्या मनातला तुकडा हा असा मुक्काम होता. स्प्रिंट हा शब्द आला स्क्रम नावाच्या दुसऱ्या पद्धतीतून. ती जेफ सदरलँड यांनी १९९३ च्या सुमारास सुरू केली आणि १९९५ साली केन श्वेबर यांच्याबरोबर लोकांपुढे मांडली. स्क्रम हा रग्बीतला शब्द, स्प्रिंट हा धावपटूंचा. पुढे जगभर स्क्रम जास्त पसरली. वाटचाल मुक्कामाची आणि नाव शर्यतीचे, असा घोळ तेव्हापासून झाला. नावांचाही माणसांवर परिणाम होतो.

सी-थ्रीचे पुढे काय झाले? १९९७ साली त्यावरून सुमारे दहा हजार जणांचे पगार निघू लागले. ठरल्या मुदतीपेक्षा थोडासाच उशीर झाला होता, आणि त्या काळच्या मोठ्या कामांत हे मोठे यश होते. एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगच्या पद्धतीत प्रोग्रॅमरांच्या शेजारी एक माणूस कायम बसलेला असतो, ज्याचे काम आहे त्या खात्याचा. त्याला ग्राहक म्हणतात. कुठला भत्ता कुणाला, कुठली कपात कधी, कुठले कार्ड आधी घ्यायचे, आलेला आकडा बरोबर की चूक, हे सगळे त्याने सांगायचे. म्हणजे आमच्या भाषेत, लेखा विभागातला सगळे नियम तोंडपाठ असलेला कारकून. पहिले पगार निघाल्यावर काही महिन्यांतच सी-थ्रीवरची ही ग्राहक व्यक्ती ताणाने आणि थकव्याने काम सोडून गेली. तिची जागा भरून निघाली नाही. उरलेल्या हजारो कर्मचाऱ्यांचे पगार त्या प्रणालीवर कधी आलेच नाहीत. दरम्यान १९९८ साली क्रायस्लर जर्मनीच्या डाइमलरमध्ये विलीन झाली होती. १ फेब्रुवारी २००० रोजी काम बंद करण्यात आले. ते बंद पडण्यामागे तांत्रिक आणि इतरही कारणे होती. पण मी अडकलो ते त्या खुर्चीपाशी.

चाळीस तासांचा आठवडा जिथे रिवाज म्हणून रुजला तिथेच एक माणूस दमून उठून गेले. गती सांभाळली गेली ती कार्डे लिहून घेणाऱ्यांची. कार्डे सांगणाऱ्याचे तास कुणी मोजले?

हे वाचताना मला एक बाई आठवल्या. आमच्याकडे पगारबिले हाताने लिहिण्याचे दिवस संपून संगणक आला तेव्हाची गोष्ट. प्रोग्रॅम लिहायला आलेली मुले सज्जन होती, दहाला येत, सहाला जात. त्यांना महागाई भत्त्याचा फरक, बिनपगारी रजा, घरबांधणी कर्जाचे हप्ते, सोसायटीची कपात यातले काहीच माहीत नव्हते आणि ते माहीत असायचे कारणही नव्हते. ते सगळे एकट्या त्या बाईंना माहीत. दिवसभर त्या मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देत, चालू महिन्याची बिले जुन्या पद्धतीने काढत, आणि संध्याकाळी छापील कागदांचा गठ्ठा पिशवीत घालून घरी तपासायला नेत. हे सात-आठ महिने चालले. मग त्या आजारपणाच्या रजेवर गेल्या आणि परत आल्या त्या दुसऱ्या टेबलावर. त्यांच्या खुर्चीत मला बसवले. तेव्हा कळले की त्यांनी नियम कुठेच लिहून ठेवले नव्हते. वेळ होता कुठे?

सी-थ्री बंद झाल्यावर वर्षभराने, ११ ते १३ फेब्रुवारी २००१ या दिवसांत, अमेरिकेतल्या युटाहच्या डोंगरात स्नोबर्ड नावाच्या ठिकाणी सतरा जण जमले. बेक, जेफ्रीज, सदरलँड, श्वेबर हे त्यांतलेच. तिथे अजाईलचा जाहीरनामा झाला आणि त्याबरोबर बारा तत्त्वे आली. सुरुवातीला म्हटले ते आठवे तत्त्व पुरते वाचले तर त्यात तीन नावे आहेत. पैसे देणारे, प्रोग्रॅम लिहिणारे आणि तो वापरणारे, या तिघांनाही ही गती कायम टिकवता आली पाहिजे. लोक हे तत्त्व सांगताना मधलेच नाव सांगतात. पहिले आणि तिसरे गाळतात. माझ्या मते सगळा अर्थ त्या तिसऱ्या शब्दात आहे. गती ही एका टेबलाची नसते, सगळ्या ऑफिसाची असते. एका टेबलाची गती राखण्यासाठी दुसऱ्याला फरफटत नेले तर दोन्ही टेबले थांबतात, जरा उशिराने इतकेच.

पुढची हकीकत थोडक्यात. २००४ साली बेक यांनी आपल्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली तेव्हा चाळीस तासांचा आकडा काढून टाकला. उमेद टिकेल एवढेच काम करा, असे त्याचे रूप झाले. हेतू चांगला होता, पण आकडा गेला की कागदावर धरायला काही उरत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने, आपले नाव न सांगता, महिनोनमहिने चाललेल्या सातही दिवसांच्या कामाबद्दल इंटरनेटवर लिहिले. ते जगभर वाचले गेले. कंपनीने पुढे चित्रकार आणि प्रोग्रॅमर यांच्या ओव्हरटाइमच्या दोन दाव्यांत मिळून सुमारे तीन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आणि कालच्या हवामानाचे काय? मागच्या खेपेला किती झाले हा आकडा टीमच्या वहीत होता, तो साहेबाच्या टेबलावर गेला. 'मागच्या वेळी तीस झाले, या वेळी पस्तीस करा.' हवामान सांगणारा काटा हातात धरून कुणी वारा वाढवायला निघावे, तसा हा प्रकार. आदर्श दिवसांच्या जागी पुढे 'पॉइंट' आले. ते कदाचित आपणच काढले असावेत आणि त्यांचा झालेला वापर पाहून आपल्याला खेद होतो, असे खुद्द रॉन जेफ्रीज यांनी नंतर लिहिले.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावे असे म्हटले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे नव्वद तासांचे बोलणे बाहेर आले. रविवारी कामाला लावता येत नाही याची खंतही त्यात होती. नव्वद तास! बरेल स्मिथने शर्टावर फुली मारलेला तोच आकडा, आणि लोखंड्यांनी सहा वर्षे झगडून मिळवलेला तोच रविवार.

कुणी म्हणेल, गोव्याच्या सुशेगाद सरकारी कारकुनाने कामाच्या गतीवर बोलावे हा विनोदच आहे. असू दे. सुशेगाद म्हणजे शांतपणे, आळसाने नव्हे, हे आपल्याला माहीत आहे. आणि गतीचा हिशेब हा शेवटी कारकुनीच आहे. किती माणसे, किती दिवस, मागच्या वेळी खरोखर किती झाले. तीन रकाने. ते खरे भरले तर मार्च एंडसुद्धा सहाला घरी जाऊ देतो.

येत्या चवथीला भाचा आला की त्याला 'लॅपटॉप बंद कर' असे सांगणार नाही. ते त्याच्या हातात नाही, मला ठाऊक आहे. दोनच प्रश्न विचारणार आहे. मागच्या स्प्रिंटला जेवढे झाले तेवढेच या वेळी घेतले, की वाढवून घेतले? आणि तुम्हाला कार्डे सांगणारे ते पलीकडच्या ऑफिसातले माणूस, ते या वेळी आरतीला घरी पोचले का?